मोटारीचा रंग आणि प्लॅस्टिकचा हट्ट

नवी मोटार दारांत येऊन उभी राहिली, म्हणजे शेजारीपाजारी तिच्या किंमतीपूर्वीं तिच्या रंगाविषयीं बोलूं लागतात. घरांत तर गाडी येण्याच्या आधींच रंगावरून दोन पक्ष पडलेले असतात. परंतु ज्या रंगाचा एवढा ऊहापोह होतो, तो गाडीच्या सर्वांगावर सारख्याच सुखानें नांदत नाहीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दारें, छप्पर आणि एंजिनावरील झांकण हीं बहुधा पोलादाचीं असतात. पण पुढचा व मागचा बंपर, आरशांचीं टोपणें, दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी हे भाग आज जवळजवळ सर्वत्र प्लॅस्टिकचे असतात. पोलादाशीं रंगाची सोयरीक जुनी आहे. प्लॅस्टिकशीं ती जुळवून आणण्यास रसायनशास्त्रज्ञांना, कारखानदारांना आणि गल्लीबोळांतल्या रंगाऱ्यांना अर्धें शतक खपावें लागलें, आणि ती अजूनहि मधूनमधून मोडते. हौसेनें रंगवून घेतलेल्या काळ्या बंपरचे दुसऱ्याच पावसाळ्यांत पापुद्रे निघूं लागतात, तेव्हां मालक रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी डब्यावरच्या नांवाला दोष देतो. खरा अपराधी मात्र गाडीच्या नाकाशीं निमूटपणें बसलेला असतो.

मोटारीचा जन्म घोड्याच्या बग्गीच्या घरांत झाला, आणि रंगकामाची रीतहि तिनें माहेराहूनच आणली. एकोणिसाव्या शतकांतल्या युरोप-अमेरिकेच्या बग्गी-कारखान्यांत लांकडी सांगाड्यावर प्रथम जवसाच्या तेलांत खललेल्या शिशाच्या रंगाचें अस्तर, मग लांबी, मग रंग आणि शेवटीं रोगण, असे एकावर एक पंधरा-वीस हात चढत. प्रत्येक हात वाळण्यास दिवसच्या दिवस लागत. वाळला कीं प्यूमिस नांवाच्या सच्छिद्र दगडानें आणि पाण्यानें तो घांसावयाचा, पुसावयाचा, आणि पुन्हां नवा हात द्यावयाचा. एक उत्तम बग्गी रंगविण्यांत महिना-दीड महिना सहज निघून जाई. तिच्या तकतकींत तोंड दिसे हें खरें. पण त्या तकाकीची किंमत रंगारी आपल्या शरीरानें देत असे. शिशाचे कण पोटांत जाऊन असह्य शूळ उठावा, कांहीं वर्षांनीं मनगट लुळें पडावें, हें त्या धंद्याचें ठरलेलें प्राक्तन होतें. १९२१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें निदान इमारतींच्या आंतील रंगकामांत तरी शिशाचा पांढरा रंग वापरण्यावर निर्बंध घालणारा करार मंजूर केला. तोंवर रंगाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचे हात निकामी होऊन गेले होते.

१९१३ सालीं हेन्री फोर्डनें मिशिगनमधील हायलंड पार्क येथें सरकत्या सांखळीवर मोटारींचे सांगाडे जोडण्यास आरंभ केला, तेव्हां या संथ कलेची मोठीच पंचाईत झाली. ज्या जोडणीला पूर्वीं बारा तासांवर वेळ लागे, ती पुढच्या वर्षीं सुमारें ९३ मिनिटांवर आली. दीड तासांत उभी राहणारी गाडी रंगासाठीं महिनाभर कोठारांत ठेवावयाची काय? फोर्डनें यावर जें उत्तर शोधलें तें जगप्रसिद्ध आहे. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्याची 'मॉडेल टी' केवळ काळ्या रंगांत मिळत असे. १९०८ सालीं ती प्रथम निघाली, तेव्हां तिला निराळेहि रंग होते, हें आज पुष्कळांना ठाऊक नसतें. डांबराच्या जातीच्या द्रव्यापासून केलेलें काळें रोगण भट्टींत घातलें कीं कडक होई, वर्षानुवर्षें टिके आणि स्वस्तहि पडे. त्या काळेपणांत फोर्डची आवड शोधण्यांत अर्थ नाहीं. त्यांत त्याचा हिशेब होता.

या हिशेबाला शह बसला तो दारूगोळ्याच्या कारखान्यांतून. कापसावर तीव्र आम्लांची क्रिया केली म्हणजे जें ज्वालाग्राही द्रव्य बनतें, तें पहिल्या महायुद्धांत तोफांसाठीं अतोनात प्रमाणावर तयार होत होतें. १९१८ सालीं युद्ध थांबलें आणि या कापसाच्या दारूचें करावयाचें काय, असा प्रश्न पडला. त्याच द्रव्याची सौम्य जात चित्रपटाच्या फितींतहि वापरली जाई. ड्यू पाँ कंपनीच्या न्यू जर्सीमधील पार्लिन येथील कारखान्यांत १९२० च्या सुमारास असें एक रोगण हातीं आलें, कीं जें भरपूर ऐवज अंगांत असूनहि पातळ राही, फवाऱ्यानें उडवितां येई आणि घटकाभरांत वाळे. त्याला 'ड्यूको' हें नांव मिळालें. जनरल मोटर्सच्या १९२४ च्या 'ओकलंड' गाड्या या रोगणाच्या निळ्या रंगांत बाजारांत आल्या, आणि आठवड्यांचें काम तासांवर येऊन ठेपलें. जनरल मोटर्सच्या संशोधनखात्याचा प्रमुख चार्लस् केटरिंग याची एक आख्यायिका यासंबंधांत सांगतात. इतक्या झटपट गाडी रंगणें अशक्य आहे, असा वाद घालणाऱ्या एका गृहस्थाला त्यानें जेवावयास नेलें आणि बोलतां बोलतां त्याच्या आवडीचा रंग विचारून घेतला. जेवण आटोपून दोघे बाहेर आले, तों त्या गृहस्थाला आपली गाडी कोठें दिसेना. "ही काय समोर उभी आहे," असें केटरिंगनें दाखविलें, तेव्हां तो म्हणाला, "माझी गाडी या रंगाची नव्हे." "आतां आहे," हें केटरिंगचें उत्तर. गोष्ट खरी असो वा सजविलेली असो, तिच्यांत त्या काळचें आश्चर्य अचूक पकडलें गेलें आहे.

ज्या फवाऱ्यानें ही किमया साधली, त्याचें मूळ मोटारींत नाहीं, वैद्यकांत आहे. ओहायोमधील टोलेडो गांवीं अॅलन डिव्हिल्बिस नांवाचा डॉक्टर होता. रोग्याच्या घशांत औषधाचा तुषार मारण्यासाठीं त्यानें एक छोटें उपकरण बनविलें, आणि त्याचा मुलगा टॉमस यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याच तत्त्वावर रंगाची बंदूक तयार केली. घसा दुखणाऱ्याच्या सोयीसाठीं निघालेली युक्ति पुढें साऱ्या जगाच्या मोटारी रंगवूं लागली. १९२७ सालीं जनरल मोटर्सनें हार्ले अर्ल याच्या हाताखालीं कला व रंग यांचें स्वतंत्र खातेंच उघडलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्डलाहि आपली नवी 'मॉडेल ए' निरनिराळ्या रंगांत आणावी लागली. येथून पुढें रंग हा विक्रीचा विषय झाला.

प्लॅस्टिक मोटारीच्या अंगावर आलें तें मात्र प्रथम अगदीं सभ्यपणें आलें. १९४१ च्या ऑगस्टमध्यें हेन्री फोर्डनें डिअरबॉर्न येथें एक गाडी लोकांपुढें मांडली. तिचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि अंगावरचे १४ पत्रे वनस्पतिजन्य प्लॅस्टिकचे होते. सोयाबीनच्या नांवावरून ती प्रसिद्धि पावली. त्यापूर्वीं फोर्डनें अशाच प्लॅस्टिकच्या झांकणावर स्वतः कुऱ्हाड हाणून तें शाबूत राहतें हें वर्तमानपत्रकारांना दाखविलें होतें. युद्धाच्या धांदलींत तो प्रयोग मागें पडला आणि ती गाडीहि शिल्लक राहिली नाहीं. १९५३ सालीं 'शेव्हरोले कॉर्व्हेट' ही कांचतंतूंची गाडी निघाली; पहिल्या वर्षाच्या ३०० गाड्यांपैकीं झाडून साऱ्या पांढऱ्या होत्या. पूर्व जर्मनींत झ्विकाऊ येथें १९५७ पासून 'ट्राबांट' बनूं लागली. पोलादाची टंचाई असल्यामुळें तिच्या अंगाचे पत्रे टाकाऊ कापूस आणि फिनॉलचा राळेसारखा पदार्थ दाबून केलेले असत. हीं सारीं प्लॅस्टिकें कठीण जातीचीं, एकदां घट्ट झालीं कीं पुन्हां न वितळणारीं. त्यांच्या रेणूंत रंगाला धरून ठेवील असें पुष्कळ कांहीं असतें. त्यांना घांसून अस्तर दिलें, कीं तीं लांकडासारखीं रंग घेत. तंटा सुरू झाला तो दुसऱ्याच घराण्याशीं.

१९५४ सालीं मिलान येथील तंत्रविद्यापीठांत जूलिओ नात्ता यानें प्रॉपिलीन वायूच्या रेणूंची शिस्तबद्ध सांखळी गुंफून पॉलिप्रोपिलीन हें प्लॅस्टिक सिद्ध केलें. ज्या उत्प्रेरकांवर हें काम उभें होतें, ते जर्मनींतील कार्ल झीग्लर याचे. १९६३ चें नोबेल पारितोषिक दोघांना वांटून मिळालें. हें प्लॅस्टिक पाण्यावर तरंगण्याइतकें हलकें, आम्लांना न बधणारें, वांकलें तरी न मोडणारें आणि विलक्षण स्वस्त. बादल्यांपासून बॅटरीच्या पेट्यांपर्यंत तें सर्वत्र शिरलें. परंतु ज्या अलिप्तपणामुळें आम्ल त्याला शिवत नाहीं, त्याच अलिप्तपणामुळें रंगहि त्याला चिकटत नाहीं. त्याच्या सांखळींत कर्ब आणि उद्‌जन यांखेरीज कांहींच नसतें. रंगाच्या रेणूनें हात पुढें केला तरी तो धरावयास दुसऱ्या बाजूला कोणी नाहीं. पाण्याचा पृष्ठताण ७२ च्या घरांत मोजला जातो, तर पॉलिप्रोपिलीनच्या पृष्ठभागाची ओढ त्याच मापानें अवघी ३० च्या आसपास भरते. म्हणून त्यावर द्रव पसरत नाहीं, थेंबाथेंबानें गोळा होतो. मराठी माणसाला यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. अळवावरचें पाणी त्यानें लहानपणापासून पाहिलेलें आहे.

आतां हें अळवाचें पान मोटारीच्या नाकावर कसें आलें, तें पाहिलें पाहिजे. जुने बंपर म्हणजे क्रोमियमचा मुलामा दिलेली जाड पोलादी पट्टी. धक्का तिनें खावा, गाडीनें खाऊं नये, एवढाच तिचा धर्म. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली 'पद्मिनी' काय किंवा बंगालमधील उत्तरपाड्याची 'अँबॅसडर' काय, त्यांच्या बंपरला पोंचा आला तर कारागीर तो ठोकून सरळ करी, आणि हौस असेल तर मालक त्यावर पुन्हां मुलामा चढवून घेई. १९६८ सालीं अमेरिकेंत 'पाँटिॲक जी. टी. ओ.' गाडीनें ही परंपरा मोडली. तिचा पुढचा बंपर 'एन्ड्यूरा' नांवाच्या रबरासारख्या लवचिक द्रव्यानें मढविलेला होता आणि त्याचा रंग थेट गाडीचाच होता. जाहिरातींत त्यावर घणाचे घाव घालून तो पुन्हां पूर्ववत् होतो असें दाखवीत. क्रोमियमची चकाकती पट्टी नाहींशी झाली आणि गाडीचा चेहरा एकसंध झाला; पाहणारांना तें रूप एकदम पटलें.

फ्रान्सनें १९७२ सालीं निराळा मार्ग धरला. 'रेनॉल्ट ५' ही छोटी गाडी पॅरिसच्या दाटीवाटीच्या रस्त्यांवर, पुढच्या-मागच्या गाड्यांना ढुशा देत जागा धरणारांसाठीं जणुं जन्मली होती. तिचे बंपर कांचतंतुमिश्रित पॉलिएस्टरचे, ढालीसारखे रुंद, आणि करड्या रंगाचे होते. त्यांना रंग दिलेलाच नव्हता. करडेपणा द्रव्याच्या अंगांतच मुरलेला होता, म्हणून ओरखडा उठला तरी खालून दुसरा रंग डोकावत नसे. तिचा रेखाकार मिशेल बुए हा गाडी बाजारांत येण्यापूर्वींच वारला. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां या विषयांतील सर्वांत शहाणपणाचें उत्तर त्याचेंच होतें, असें म्हणावें लागेल.

परंतु शहाणपण आणि हौस यांचें नातें फारसें बरें नसतें. अमेरिकन सरकारनें १९७३ च्या गाड्यांपासून असा नियम केला, कीं ताशीं पांच मैल वेगानें पुढून धडक बसली तरी दिवे वगैरे सुरक्षिततेचे भाग बिघडूं नयेत. त्यामुळें कांहीं काळ अवजड, बेढब बंपरांचें राज्य झालें. ते झांकावयाचे तर वरून लवचिक प्लॅस्टिकची खोळ हवी, आणि खोळ घातली कीं ती गाडीच्याच रंगाची हवी. १९८३ च्या गाड्यांसाठीं नियमांतील वेग अडीच मैलांवर उतरविण्यांत आला, पण खोळ राहिली ती राहिलीच. पुढें युरोप-जपानांतहि पॉलिप्रोपिलीन आणि रबर यांच्या मिश्रणाचे, गाडीच्या रंगांत रंगविलेले बंपर सर्वसाधारण झाले. धक्का खाण्यासाठीं ज्याची योजना, त्यालाच धक्क्यापासून जपावें लागावें, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. वाहनतळावरचा जो स्पर्श 'रेनॉल्ट ५' नें हंसून सोडून दिला असता, त्यासाठीं आज मालकाच्या खिशाला मोठी चाट बसते.

कारखान्यांनीं प्लॅस्टिकचा हट्ट मोडला तो दोन उपायांनीं. पहिला उपाय अग्नीचा. वायूची निळी ज्योत प्लॅस्टिकवरून क्षणार्धांत फिरवितात; पृष्ठभाग वितळत नाहीं, पण हवेंतील प्राणवायु त्याच्या वरच्या थराला जोडला जातो आणि तेथें रंगाला धरावयास जागा निर्माण होते. दुसरा उपाय मध्यस्थाचा. पॉलिप्रोपिलीनच्याच घराण्यांतलें, पण क्लोरीन जोडलेलें एक द्रव्य पातळ करून अस्तरासारखें फवारतात. त्याचा एक स्वभाव प्लॅस्टिकशीं जुळतो, दुसरा रंगाशीं. दोहोंकडचा आप्त मधें बसला म्हणजे बोलणें पुढें जातें. हा थर माणसाच्या केंसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावा लागतो. जाड दिला तर त्याचाच पापुद्रा होतो. त्यावर येणारा रंगहि लवचिक हवा. पोलादावरचा कडक रंग प्लॅस्टिकवर दिला, तर बंपर दबतांच त्याला तडे जातात.

तरीहि एक अडचण उरते. पोलादी अंगाला पहिलें अस्तर विजेच्या साह्यानें देऊन सुमारें १८० अंशांच्या भट्टींत भाजतात. पॉलिप्रोपिलीन तेथें टिकावयाचें नाहीं; त्याला ८० अंशांच्या आसपासच वाळवावें लागतें. म्हणून बंपर पुष्कळदां वेगळ्याच कारखान्यांत, वेगळ्या रंगानें, वेगळ्या माणसांकडून रंगविले जातात, आणि शेवटीं दोन्ही शेजारीं शेजारीं बसवून 'एकच रंग' म्हणून विकले जातात. रंग सपाट असेल तर हें खपून जातें. पण रुपेरी किंवा सोनेरी झांक असलेल्या रंगांत ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात; फवाऱ्याचा दाब, अंतर, वाळण्याचा वेग यांनुसार ते आडवे-तिरपे बसतात आणि प्रकाश निराळा परतवितात. समोरून जुळलेला बंपर बाजूनें पाहतांच परका दिसूं लागतो. कोणत्याहि रस्त्यावर उभ्या असलेल्या चार रुपेरी गाड्या तिरप्या उन्हांत पाहाव्या, म्हणजे याची साक्ष पटेल.

भारतांत हा विषय प्रतिष्ठेचाहि झाला. एकाच नांवाची गाडी दोन-तीन प्रतींत विकण्याची प्रथा रूढ झाल्यावर, स्वस्त प्रतीला काळे बंपर, काळीं आरशांचीं टोपणें आणि काळ्या मुठी, तर महाग प्रतीला सारें गाडीच्या रंगाचें, असा भेद पडला. एंजिन तेंच, चाकें तींच; पण चौकांत उभी राहिली कीं कोणी किती पैसे मोजले, हें बंपर सांगून टाकी. मग काळ्या बंपरचा मालक पहिल्याच महिन्यांत गाडी डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यांत नेई. तेथील रंगारी अनुभवी असला तर साबणानें आणि पातळ द्रवानें बंपर पुन्हां पुन्हां धुतो, कारण सांच्यांतून सुटावा म्हणून लावलेला मेणचट लेप त्यावर असतो. बारीक दाणे असलेला पृष्ठभाग पॉलिशपेपरनें घांसून घेतो. घांसतांना अंगावर येणारी वीज धूळ ओढते, म्हणून ओलसर फडक्यानें ती उतरवितो. मग मध्यस्थाचा पातळ हात, रंगाचे दोन-तीन हात आणि वरून पारदर्शक रोगण देतो. यांतला मध्यस्थ वगळला तर पैसे वांचतात आणि पहिले सहा महिने कोणाला कळतहि नाहीं. फसवणूक होते ती येथेंच.

वरच्या पारदर्शक रोगणाचीहि एक काळी बाजू आहे. तें दोन डब्यांचें असतें. दुसऱ्या डब्यांतील कठीण करणारें द्रव्य आयसोसायनेटच्या जातीचें. त्याचा तुषार श्वासाबरोबर आंत गेला तर दमा जडतो, आणि एकदां शरीर त्याला बिथरलें, कीं पुढें अगदीं अल्प प्रमाणहि सोसत नाहीं. असा रंगारी धंदा सोडूनच सुटतो. बाहेरची शुद्ध हवा नळीनें पुरविणारा मुखवटा हा त्यावरचा उपाय युरोप-अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं सक्तीचा आहे. गल्लींतल्या गाळ्यांत रंगाऱ्याच्या तोंडाला बहुधा रुमाल असतो. बग्गीच्या शिशापासून सुटलेला माणूस अशा रीतीनें दुसऱ्या विषाच्या हातीं सांपडला आहे, आणि बंपरच्या तकाकीची चौकशी करणारा मालक त्याच्या रुमालाची चौकशी करीत नाहीं.

हौसेचें चक्र मात्र फिरतच असतें. २००१ सालच्या मॉडेलची 'पाँटिॲक ॲझ्टेक' ही गाडी खालच्या अंगाला न रंगविलेल्या करड्या प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या लावून आली. लोकांनीं तिची इतकी टर उडविली, कीं २००२ च्या गाड्यांत त्या पट्ट्या गाडीच्या रंगांत रंगविण्यांत आल्या. त्याच तऱ्हेच्या काळ्या पट्ट्या आज उंच, दणकट दिसणाऱ्या गाड्यांच्या चाकांभोंवतीं रानावनांतून फिरण्याची खूण म्हणून मिरविल्या जातात, आणि ज्या काळेपणाची एके काळीं लाज वाटे त्याला आतां जादा किंमत पडते. त्या काळ्या प्लॅस्टिकमध्यें काजळी मिसळलेली असते. ऊन अडविण्याचें काम ती करते. तरीहि कांहीं उन्हाळ्यांनंतर पृष्ठभाग पांढुरका पडतो, आणि मालक पुन्हां त्याच गाळ्यापाशीं येऊन 'यावर रंग बसेल काय' असें विचारतो. जाणता रंगारी उत्तर देण्यापूर्वीं त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहतो. थेंब पसरले तर काम सोपें. गोळा होऊन घरंगळले, तर तो मजुरी वाढवून सांगतो.